न पेटलेली शेगडी

१

गाडी विकायची ठरली तेव्हा आमच्यापैकी कुणीच हरकत घेतली नाही. पप्पा मार्चमध्ये गेले. उन्हाळ्यात आई श्टाइन्झ गावातल्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथे लिफ्ट आहे आणि खाली डॉक्टर आहे. टेकडीवरचं घर शेजाऱ्यांनी घेतलं आणि थंडी पडायच्या आत गवताचं कोठार रिकामं करून द्यायचं ठरलं. कोठारात गवत नव्हतंच. होती ती गाडी.

विटकरी रंगाची, पुढे दोन गोल डोळ्यांसारखे दिवे, चारही चाकांना इंजिनाची ओढ, आत दोन माणसांचा पलंग, चिमुकलं स्वयंपाकघर आणि डोक्यावर उघडणारं छत. छत उघडलं की वर एक माळा तयार व्हायचा, बाजूंना तंबूचं कापड. त्या माळ्यावर मी आणि माझा भाऊ गेर्नोट झोपायचो. मी नऊ वर्षांची असताना पप्पांनी ती नवी कोरी आणली. घरी क्वचितच तोंड उघडणारा हा माणूस त्या दिवशी गाडीभोवती फिरत एकटाच बोलत होता.

दर ऑगस्टमध्ये आम्ही निघायचो. पहिला मुक्काम ठरलेला, सोबोथच्या धरणाजवळ, जंगलात. दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून खाली समुद्राकडे. मला विचाराल तर माझं बालपण घरात गेलंच नाही, ते त्या माळ्यावर गेलं. तंबूच्या कापडातून येणारा हिरवट उजेड, गेर्नोटचे घामट केस, आणि खालून येणारा सकाळचा आवाज: पत्र्याच्या मगात फिरणारा चमचा. त्याबरोबर अगदी हळू, नाकातल्या नाकात गुणगुणणं. छतावर शेगडीचा निळा उजेड थरथरायचा. मग कॉफीचा वास. आई उठली, आता सगळं ठीक आहे, असं वाटून मी पुन्हा झोपून जायचे. पुढे आयुष्यात बरंच काही बिनसलं, लग्न मोडलं, पण झोप येत नसली की मी तोच आवाज आठवते.

जाहिरातीत मी लिहिलं: "जुनी, निगा राखलेली. किरकोळ दुरुस्त्या आवश्यक." छताचं कापड एका शिवणीत उसवलं होतं, सरकत्या दाराचं रबर कडक झालं होतं आणि गॅसच्या तपासणीचा दाखला नव्हता. आणखी एक गोष्ट होती, पण तिला मी ओल म्हणून मोजलं. फोटो काढायला गेले तेव्हा शेगडीशेजारच्या काचेवर आतून वाफ धरली होती. बाकीच्या काचा कोरड्या होत्या. मी ती पुसली. दोन दिवसांनी झाडायला गेले तर पुन्हा तेवढ्याच काचेवर वाफ.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी त्यावरून दात घडवते. माझ्या कामात केसाएवढी चूक माणसाला जेवू देत नाही. त्यामुळे वाफ दिसली की मी कारण शोधते. कोठाराची ती भिंत उत्तरेकडची होती. मला तेवढं पुरलं.

गाडी बघायला ग्राझहून एक जोडपं आलं. तो किलिअन, उंच, खांदे पाडून चालणारा. ती फ्रांका, तुरुतुरु. माझं नमस्काराचं "ग्रुस गॉट" पुरतं व्हायच्या आत ती सरकतं दार उघडून आत शिरलीसुद्धा.

"अरे वा, कॉफी," ती आतून म्हणाली. "आमच्यासाठी केली असेल तर मी नाही म्हणणार नाही."

"कॉफी नाही केली," मी म्हटलं.

"मग वास कसला येतोय?"

"हिला चर्चमध्येसुद्धा कॉफीचा वास येतो," किलिअन गाडीखाली वाकून बघत म्हणाला.

"आणि ह्याला घरात करपलेल्या दुधाचाही येत नाही. उठतोच कुठे? सकाळी मी उठायचं, मी दूध तापवायचं, साहेब आयते येऊन बसणार."

"सुट्टीत मी उठेन."

"ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार," ती मला म्हणाली. हसतच म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. ही गाडी त्यांना नुसती फिरायला नको होती. काहीतरी तुटत आलेलं सांधायला हवी होती. असली माणसं मी ओळखते. मीही एकदा तसंच एक घर घेतलं होतं.

मीही आत डोकं घातलं. वास होता. ताजा.

जुन्या लाकडात वास मुरतो, मी स्वतःला सांगितलं. गॅसचा दाखला आणि किरकोळ कामं मी करून द्यायची, मग गाडी त्यांची, असं ठरलं.

२

ह्रिबर्निक आमच्या भागातला गाड्या दुरुस्त करणारा. पप्पांच्या ओळखीचा, पप्पांसारखाच तुसडा. दुपारी त्याचा फोन आला.

"वाल्ली, शेगडी काढून बाकावर ठेवलीय. जरा येऊन जा."

"बिघडलीय?"

"बिघडायला वापरावी लागते."

मी गेले. त्याने शेगडी उलटी करून ठेवली होती. गॅसच्या नळीच्या तोंडात पिवळं प्लास्टिकचं बूच होतं. त्याने ते नखाने उचकटून दाखवलं.

"हे कारखान्यातलं. गॅस जोडताना पहिल्यांदा हे काढतात. हे काढलेलंच नाही. आणि हे बघ." त्याने बर्नरवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. "काजळीचा कण नाही. ही शेगडी कधी पेटलीच नाहीये."

"असं कसं होईल? आम्ही दर वर्षी जायचो."

"तुझा बाप लोइस गॅसला घाबरायचा, तुला माहीत नाही? त्याच्या मावशीचं घर उडालं होतं गॅसने. तुम्ही बाहेरच रांधत असाल."

हे खरं होतं. आम्ही बाहेरच रांधायचो. झाडाखाली, स्पिरिटच्या छोट्या चुलीवर. पप्पा स्वतः उकिडवे बसून वारा अडवायचे. अंडी, मक्याचा सांजा, रात्रीचं सूप, सगळं बाहेर. हे मला लख्ख आठवत होतं आणि तरी या दोन आठवणी इतकी वर्षं मनात शेजारी शेजारी पडून होत्या, एकमेकींना न भेटता.

"ती जागा आता उघडी आहे," ह्रिबर्निक म्हणाला. "तात्पुरती प्लायवूडची फळी ठोकलीय. तपासून झाली की पुढच्या आठवड्यात बसवतो."

गाडी घेऊन परत येताना मी कारणं शोधली. पप्पा पहाटे बाहेर जाऊन कॉफी करून आणत असतील. पण ते सरकतं दार. ते उघडलं की रणगाडा चालल्यासारखा आवाज होतो. सगळे उठायच्या आत ते कधीच उघडलं जायचं नाही. मला आणि गेर्नोटला लघवीसाठीसुद्धा धरून ठेवायला लागायचं. मग रात्रीच कॉफी करून थर्मासमध्ये ठेवत असतील. ठीक आहे. थर्मास असेल.

निळा उजेड मात्र थर्मासमध्ये बसत नव्हता.

३

गेर्नोट लिन्झला असतो. त्याच्याकडे बोलायला वेळ नसतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. गाडीचं काय झालं, किती लोक आले, पप्पांची हत्यारं कुणाला दिलीस, हे सगळं झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडीत सकाळी कॉफी कोण करायचं रे?"

"तूच की."

"मी?"

"म्हणजे काय. चमच्याचा आवाज यायचा. आई-पप्पा तर लोळत पडलेले असायचे, त्यांना तू नेऊन द्यायचीस. मला तुझा राग यायचा, म्हणजे बघ, ही किती शहाणी मुलगी, आणि मी नुसता झोपाळू."

"गेर्नोट, मी तुझ्याशेजारी झोपलेली असायचे. मला वाटायचं आई करतेय."

"काहीतरीच. तू खाली असायचीस. मी डोळे उघडायचो नाही, पण कळतं ना माणसाला." तो हसला. "आणि वर येताना माझे पाय झाकायचीस. पाय बाहेर यायचे माझे. तुझे हात बर्फासारखे असायचे, म्हणून तर मी डोळे मिटून घ्यायचो, नाहीतर तू मुद्दाम पोटाला लावायचीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाल्ली?"

"मी कधी तुझे पाय झाकले नाहीत रे."

फोनमध्ये मागे त्याचा टीव्ही चालू होता. तो त्याने बंद केला असावा.

"आईने झाकले असतील मग," तो म्हणाला.

आईचा उजवा खांदा गेर्नोटच्या जन्मानंतर निखळला होता. ती हात कपाळाच्या वर नेऊ शकत नव्हती. माळा तिच्या डोक्याच्याही वर होता. हे त्यालाही माहीत होतं. त्याने घाईने विषय बदलला. मग त्याला घाईचं काम आठवलं आणि त्याने फोन ठेवला.

४

आईच्या खोलीत गेले तेव्हा ती अक्रोड फोडत बसली होती. टेबलावर पप्पांचा फोटो, त्याच्या चौकटीला काळी फीत. मी तिला शेगडीचं सांगितलं. उगाच नाट्य न करता, ह्रिबर्निकने सांगितलं तसंच.

तिचा हात थांबला. मग तिने तो अक्रोड फोडला.

"पेटली नाही म्हणजे काय? कॉफी तर गरम असायची."

"तू करायचीस?"

"मी कशाला? लोइस करायचा."

तिने अडकित्ता खाली ठेवला. "तुला सांगायला हरकत नाही आता. तुझ्या बापाने घरी आयुष्यात कपसुद्धा विसळला नाही. बोलायचा नाही, हसायचा नाही, जवळ येऊन बसायचा नाही. एका वर्षी मी बॅग भरली होती. तू नऊ-दहाची असशील. म्हटलं, एवढा ऑगस्ट काढू आणि मग बहिणीकडे जाऊ. आणि त्या ऑगस्टमध्ये रोज सकाळी जाग यायची तेव्हा उशाशी दोन मग. माझा बिनसाखरेचा, त्याचा दोन चमचे साखरेचा, तोच ढवळल्याचा आवाज यायचा. आणि हा शेजारी डोळे मिटून पडलेला. झोपल्याचं सोंग. मला वाटायचं, लाजतोय. मीही सोंग करायचे. म्हटलं, करू दे. बोललं तर बंद पडेल." ती फोटोकडे बघत होती. "त्या सकाळींवर मी त्याच्याबरोबर राहिले गं. बाकी काही नव्हतं."

मला उठून जावंसं वाटलं. कारण मला फेब्रुवारीतली दुपार आठवत होती. दवाखान्यात पप्पांच्या नळ्या बदलून नर्स गेली होती. पप्पा म्हणाले होते, "तुझ्या आईसारखी कॉफी कुणी करत नाही. घरी नाही हं. गाडीत करायची ती. उशाशी आणून ठेवायची आणि झोपल्याचं सोंग करायची. मी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटलं होतं, आईला सांगावं. मग अंत्यविधी, घर, कागदपत्रं, राहून गेलं.

आता मी ते सांगितलं. का सांगितलं, अजून कळत नाही. न सांगता तिथे बसणं अशक्य झालं होतं.

आई बराच वेळ टरफलं गोळा करत राहिली. एकूण एक, चुरासुद्धा. खिडकीतून खालच्या अंगणातल्या मुलांचा चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"त्याला वाटायचं मी," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्यापायी त्याने मला सगळं माफ केलं असणार. माझा तोंडाचा पट्टा. मी त्याच्या आईशी वागले ते."

"आई, थर्मास होता का गाडीत?"

तिने टरफलांचा ढीग बाजूला सारला.

"गाडी द्यायच्या आधी मला एकदा सोबोथला ने," ती म्हणाली. "एक मुक्काम. नाही म्हणू नकोस, माझ्याकडे फार ऑगस्ट उरलेले नाहीत."

५

ऑक्टोबर होता, पण ऊन चांगलं होतं. वळणावळणाच्या चढावर गाडी पहिल्यासारखी घरघरली. रस्त्याकडेला चेस्टनट भाजत होते, ते आईने घेतले आणि आम्ही सालं खिडकीबाहेर टाकत गेलो. धरणाजवळची जागा तीच होती. देवदार वाढले होते एवढंच. आई सगळं ओळखत होती. इथे गेर्नोट पडला होता. इथे लोइसचं पाकीट हरवलं आणि त्याच्याच बुटात सापडलं. ती हसली, मीही हसले. भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली अंडी आम्ही बाहेरच केली, पप्पांच्याच चुलीवर, अंधार पडायच्या आत.

मी मुद्दाम कॉफी आणली नव्हती. सकाळसाठी चहाच्या पुड्या होत्या. शेगडीच्या जागी ह्रिबर्निकची फळी होती, चार स्क्रूंनी आवळलेली. ते स्क्रू मी हात लावून बघितले. माझ्यासारख्या बाईला आणखी काय करता येण्यासारखं होतं?

आई खाली, खिडकीकडच्या आपल्या बाजूला झोपली. पप्पांची बाजू तिने रिकामी ठेवली, पांघरूणसुद्धा त्या बाजूला सारखं करून. मी माळ्यावर चढले. वाटलं होतं झोप लागणार नाही, पण त्या लाकडाचा वास नाकात गेला आणि मी नऊ वर्षांची झाले.

जाग आली तेव्हा तंबूच्या कापडातून हिरवट उजेड येत होता. बाहेर एक पक्षी बोलत होता. मला फार बरं वाटत होतं. खालून चमचा फिरल्याचा आवाज येत होता, आणि गुणगुणणं. आई उठली, मी मनात म्हटलं, आणि पुन्हा झोपेत घसरणार इतक्यात मला आपलं वय आठवलं.

छतावर निळा उजेड होता.

मी हलले नाही. आई असेल, मी म्हटलं. बॅटरी असेल. पण गुणगुणणं आईचं नव्हतं. इतकी वर्षं मी ते आईचं मानलं होतं, आणि आता मोठ्या माणसाच्या कानांनी ऐकताना कळत होतं, ते गाणं नव्हतंच. बाई स्वयंपाकघरात वावरताना असा आवाज करते हे कुणीतरी बाहेरून, भिंतीला कान लावून ऐकलं असावं आणि तेवढंच उचललं असावं. श्वास कुठे घ्यायचा ते त्याला माहीत नव्हतं. ते मध्ये थांबतच नव्हतं.

माळ्याच्या पुढच्या बाजूला एक मोकळी जागा असते, तिथून खाली शेगडीपाशी उभं राहायची जागा दिसते. मी मान वळवली, आधी थोडी, मग आणखी थोडी.

एक पाठ दिसली.

छत उघडं असलं की तिथे किलिअनसारखा उंच माणूसही ताठ उभा राहू शकतो. ही पाठ वाकलेली होती. वाकलेली असूनही ती माझ्या माळ्यापर्यंत पोचत होती. निळ्या उजेडात कोपर हलत होतं, गोल, गोल, चमच्याबरोबर. कापड होतं की कातडी होती, मी सांगू शकणार नाही. मी एवढंच पाहिलं की ते कोपर थांबलं आणि पाठ वळायला लागली.

मी डोळे मिटले. चेहरा सैल सोडला, तोंड किंचित उघडं. झोपेचं सोंग. आमच्या घरात सगळ्यांना ते येतं.

खाली पत्र्याचा मग लाकडावर टेकल्याचा आवाज झाला. मग दुसरा. मग काही वेळ काहीच नाही. आणि मग अगदी माझ्या कानाशी, टक् असा आवाज, आणि गालाला ऊब लागली. माझं पांघरूण पायांवरून सरकलेलं होतं. ते सरळ झालं. घोट्याला काहीतरी लागलं, गार, नदीतल्या दगडासारखं, आणि ते हळूच पांघरुणाच्या कडा आत खोचत गेलं. फार मायेने. मला ओरडता आलं असतं असं मला वाटत नाही, पण खरं सांगते, ओरडावंसं वाटलंही नाही. हेच त्यातलं सर्वांत वाईट होतं.

तेवढ्यात खालून आई बोलली. साध्या आवाजात, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या शेजारणीशी बोलावं तशी.

"लोइस गेला," ती म्हणाली. "मार्चमध्ये. तुला सांगायचं राहून गेलं."

गुणगुणणं थांबलं.

"त्याचा मग आता करत जाऊ नकोस. त्याला फार आवडायचा. माझ्या मुलीपाशी बोलला तो शेवटी."

बाहेरचा पक्षीही गप्प झाला होता. मग खालच्या पलंगाच्या स्प्रिंगा करकरल्या, एकदाच, मोठ्यांदा, आणि सगळी गाडी मागच्या चाकांवर जराशी खाली बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. निळा उजेड गेला होता, कापडावर ऊन आलं होतं. मी डोळे उघडून खाली पाहिलं. आई कुशीवर वळून झोपली होती, पप्पांच्या बाजूला तोंड करून, डोळे घट्ट मिटलेले. पप्पांच्या बाजूची गादी खोल दबली होती, पलंगाच्या लाकडापर्यंत. आईचा हात थोपटत होता. हात गादीवर नव्हता. गादीच्या वीतभर वर, हवेत होता. तिथेच तो टेकत होता आणि उचलला जात होता. आणि मधूनमधून तो हात, नुसता ठेवलेला असतानाही, थरथरून वर-खाली होत होता, जसा रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवलेला हात होतो.

मी परत झोपून राहिले. आईने हाक मारेपर्यंत.

आम्ही बाहेर पायरीवर उन्हात बसलो. तिन्ही मग खरे होते, पत्र्याचे, निळे, आमचेच. प्लायवूडची फळी जागच्या जागी होती. आईने पप्पांची कॉफी गवतावर ओतली आणि स्वतःची प्यायली.

"पिऊ नकोस," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं पितेय."

"तुला माहीत होतं."

"माहीत काय असतं गं? एकदा डोळे उघडले होते मी. त्याच वर्षी, बॅग भरली होती त्या वर्षी. समुद्राच्या वरच्या घाटात."

"मग?"

"मग मिटले. आणि स्वतःला सांगितलं, लोइस होता. रोज सांगितलं की ते खरं होतं. परवा तू येईपर्यंत खरंच होतं."

"काय पाहिलंस?"

तिने आपला मग दोन्ही हातांत धरला. "तुझा बाप झोपेत हसत होता. त्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. मी तेवढंच पाहिलं."

माझी कॉफी निवत चालली होती. मी कॉफी प्यायला लागले ती आई-पप्पांबरोबर गाडीतून जायचं थांबल्यानंतर, शहरात. मला ती कडक लागते, अगदी थोडं दूध आणि चिमूटभर मीठ. मीठ घालते हे मी कुणाला सांगत नाही, लोक हसतात. मी एक घोट घेतला. मीठ होतं, चिमूटभर. मग सगळी प्यायले.

६

उतारावर मी आईला सांगितलं की गाडी मी भंगारात देणार. त्या दोघांना फोन करून सांगते, इंजिनाला चीर गेलीय.

"भंगारात," आई म्हणाली. "आणि मग ते कुणासाठी करेल?"

"आई, त्या पोरांना आपण काय देतोय ते कळतंय का तुला?"

"मला मिळालं ते. ते वाईट होतं असं तुला वाटत असेल तर फोन कर. मी अडवणार नाही."

मी रोज संध्याकाळी फोन हातात घेतला. काय सांगायचं ते जुळवायला गेले की मला दवाखान्यातले पप्पा दिसायचे, भिंतीकडे तोंड करून पडलेले. आणि मग ती न थांबणारी गुणगुण ऐकू यायची. एकदा तर नंबर लावला. फ्रांकाने उचलला. मागे किलिअनचा चढलेला आवाज होता, आणि तिचा आवाज रडून बसलेला. "रद्द नाही ना करताय?" तिने एकदम विचारलं. मी म्हटलं, छे, वेळ विचारायची होती.

ह्रिबर्निकने शेगडी बसवून दाखला दिला, कापड शिवून आणलं, दाराला नवं रबर लावलं. शुक्रवारी दुपारी ते दोघे आले. मलाही तिथे ने, असं आईने मला बजावलं होतं. ती कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, चांगला कोट घालून. मी किलिअनला छत कसं उचलायचं, चारही चाकांची ओढ कधी लावायची, पाण्याची टाकी कशी धुवायची ते दाखवलं. दार आता आवाज न करता सरकत होतं.

"आणि काही?" फ्रांकाने विचारलं. "तुम्ही सांगितलं नाही असं काही? विकणारे काहीतरी लपवतातच."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हातमोज्यांकडे बघत होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मी फ्रांकाकडे पाहिलं. तिने किलिअनच्या कोटाची वर गेलेली कॉलर न बघता, सवयीने खाली केली, आणि त्याने तेवढ्यासाठी मान वाकवली.

"मागच्या बाजूला जरा दबते," मी म्हटलं. "बाकी ठीक आहे."

आईने फ्रांकाला जवळ बोलावलं आणि तिचा हात हातात घेतला. "सकाळी जाग आली आणि कुणी काही करताना ऐकू आलं, तर लगेच डोळे उघडायचे नाहीत. करणाऱ्याला करू द्यावं. आणि त्याबद्दल बोलू नये."

"हा?" फ्रांका हसली. "हा माझ्याआधी उठणार?"

"बघच आता तू," किलिअन म्हणाला.

"बघू नकोस," आई म्हणाली. "तेच तर सांगतेय."

ते निघाले. पुढे दोघे कुठल्यातरी नकाशावरून वाद घालत होते, तिचा हात खिडकीबाहेर होता. गाडी खडीवरून हळू वळली आणि तिची मागची बाजू आमच्याकडे झाली, मोठी काच, पडदे बाजूला बांधलेले. आईने हात कपाळापर्यंत वर केला. तो पुढच्या दोघांसाठी नव्हता.

मी खाली खडीकडे बघत उभी राहिले. इंजिनाचा आवाज वळणापर्यंत गेला तरी मी मान वर केली नाही. आईचा हात बराच वेळ वरच होता. मग समोरून उत्तर मिळालं की माणूस घेतो तसा तिने तो खाली घेतला.